एकवीस ओळींचा परिचय: नटाच्या पुरस्कारांची यादी वाचायची कशी

गेल्या वर्षी आमच्या नाट्यमंडळाने एका ज्येष्ठ नटाचा सत्कार ठेवला होता. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो तेवढं पुरे. सोलापुरातच लहानाचे मोठे झालेले, आधी हौशी नाटकं, मग मुंबईला जाऊन व्यावसायिक, मग सिनेमे, मग सिरियल, आणि आता परत इथंच. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाची तारीख मिळाली, शालीऐवजी सोलापुरी चादर द्यायची हेही ठरलं, आणि पत्रिकेच्या मागच्या पानावर छापायचा परिचय लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी काय केलं, तर नेटवर जिथं जिथं अण्णांच्या पुरस्कारांची यादी सापडली तिथून सगळं गोळा केलं, सालाप्रमाणे लावलं, एकवीस ओळी झाल्या, आणि नवी पेठेतल्या प्रेसमधून प्रूफ काढून थेट अण्णांच्या घरी घेऊन गेलो.

अण्णांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि वाचायला बसले. पहिली रेघ तिसऱ्या ओळीवर पडली. "हे नामांकन होतं रे, बक्षीस दुसऱ्याला मिळालं." मग सातवी ओळ. "हे नाटकाला मिळालं, मला नाही, ती ढाल निर्मात्याच्या घरी आहे." मग अजून एक. "हा पुरस्कार सिनेमाचा, मी त्यात दोन सीन केलेत फक्त." असं करत करत आठ ओळी गेल्या. कागद परत माझ्या हातात देताना म्हणाले, "आणि माझं रौप्यपदक कुठंय?" ते पदक नेटवर कुठंच नव्हतं. राज्य नाट्य स्पर्धेचं, सोलापूर केंद्रावरचं, त्यांच्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस. साल विचारलं तर अण्णा म्हणाले अठ्ठ्याहत्तर, आणि आतल्या खोलीतून त्यांच्या मुलीचा, ताईंचा आवाज आला, "नाही हो बाबा, एकोणऐंशी."

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घ्यायचं मनावर घेतलं, कारण आपण सगळेच अशा याद्या वाचतो, फॉरवर्ड करतो, भाषणात वापरतो, आणि त्यातली एकेक ओळ दिसायला अगदी सारखी असते, म्हणजे साल, पुरस्काराचं नाव, कलाकृती, संपलं. पण प्रत्येक ओळीच्या मागची पद्धत वेगळी असते. कुठं पाच जणांतून एक निवडलेला असतो, कुठं कुणाशी तुलनाच नसते, कुठं एका संध्याकाळच्या कामाला बक्षीस असतं आणि कुठं पन्नास वर्षांच्या कामाला. म्हणून मी आता कुठलीही ओळ वाचताना चार प्रश्न विचारतो, दिला कुणी, कशाला दिला, नक्की कुणाला दिला, आणि पुढं लिहिलेलं साल कशाचं आहे.

सगळ्यात जास्त घोळ नामांकन या शब्दाचा आहे, तो आधी सोडवू.

फिल्मफेअरसारख्या पुरस्कारात नामांकन म्हणजे शेवटच्या टप्प्यातली चार-पाच नावं, ती आधी जाहीर होतात आणि कार्यक्रमात त्यातलं एक नाव पुकारलं जातं. राज्य सरकारच्या मराठी चित्रपट पुरस्कारातही नामांकनं जाहीर होतात आणि विजेते नंतर कळतात. या दोन्हीकडं नामांकन मिळणं हा मान आहेच, यादीत लिहायला काही हरकत नाही, फक्त पुढं नामांकन हा शब्द लिहिला पाहिजे, तो गाळला की ओळ खोटी होते. पण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं तसं नाही. तिथं निर्माता चित्रपट पाठवतो, त्याला प्रवेशिका म्हणतात, ज्युरी चित्रपट बघतात आणि थेट विजेत्यांची नावं जाहीर होतात, मधे नामांकनांची यादीच येत नाही. त्यामुळं कुणाच्या परिचयात 'राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकन' असं दिसलं तर समजा की कुणीतरी प्रवेशिकेलाच नामांकन म्हटलंय. ऑस्करला नामांकनं असतात, पण प्रवेशिकेलाच नामांकन म्हणायची चूक तिथंही होते. २००४ साली 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला, तेव्हा केवढा आनंद झाला होता आपल्याला, पण ती भारताची अधिकृत प्रवेशिका होती, शेवटच्या पाचात तो नव्हता. परभाषेतल्या चित्रपटांच्या त्या गटात शेवटच्या पाचात पोचलेले भारताचे चित्रपट तीनच, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'श्वास'ला भारतातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होताच, तोही 'श्यामची आई' नंतर इतक्या वर्षांनी मराठीला, ती गोष्ट एवढी मोठी आहे की पुढं ऑस्करचं चुकीचं शेपूट लावायची गरजच नाही.

आणि पद्म पुरस्कारात तर नामांकन म्हणजे निव्वळ शिफारस. सरकारच्या पोर्टलवर कुणीही नागरिक कुणाचंही नाव पाठवू शकतो, स्वतःचं सुद्धा. त्यामुळं 'पद्मश्रीसाठी नामांकन' या ओळीला काही अर्थ उरत नाही, फॉर्म भरला एवढंच त्यातून कळतं. एकच शब्द आणि ठिकठिकाणी वेगळा अर्थ, मग घोळ होणार नाही तर काय.

आता आपल्याच गावचं उदाहरण घेतो म्हणजे नीट समजेल. अतुल कुलकर्णी. जन्म बेळगावचा पण वाढले सोलापुरात, हरिभाई देवकरण शाळेत शिकले, इथल्या नाट्य आराधना संस्थेत नाटकं केली आणि मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळालाय, एकदा 'हे राम'मधल्या श्रीराम अभ्यंकरसाठी आणि एकदा 'चांदनी बार'मधल्या पोत्या सावंतसाठी. आता 'हे राम'चीच भूमिका फिल्मफेअरमध्ये बघा, तिथं त्यांना नामांकन होतं आणि त्या वर्षी पुरस्कार गेला अमिताभ बच्चन यांना 'मोहब्बतें'साठी. म्हणजे काम तेच, एक फूट इकडं नाही एक फूट तिकडं नाही, पण एका यादीत ते विजेते आणि दुसऱ्या यादीत नामांकित. याच्यात कुणाचं चुकलं असं नाही, दोन्हीकडं बघणारे वेगळे, निकष वेगळे, शेजारी उभे असलेले स्पर्धक वेगळे. म्हणून कुणी म्हणालं ना की अमक्याला फिल्मफेअर नाही मिळालं म्हणजे भूमिका तेवढी नव्हती, तर त्याला हे उदाहरण सांगा.

सालाचा गोंधळ पण याच उदाहरणात आहे. 'हे राम' थिएटरला लागला फेब्रुवारी २००० मध्ये. राष्ट्रीय पुरस्कार मात्र १९९९ सालचा. कुणाला वाटेल की छपाईची चूक आहे, पण राष्ट्रीय पुरस्कारात साल धरतात ते सेन्सॉरचं प्रमाणपत्र कुठल्या वर्षात मिळालं त्याचं, थिएटरला कधी लागला त्याचं नाही. आणि फिल्मफेअरचा कार्यक्रम झाला २००१ मध्ये. म्हणजे एकाच भूमिकेपुढं १९९९, २००० आणि २००१ अशी तीन सालं लिहिलेली सापडतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. याहून भारी उदाहरण अकलूजच्या रिंकू राजगुरूचं. 'सैराट' थिएटरला लागला २९ एप्रिल २०१६ ला, आणि तिचा राष्ट्रीय पुरस्कारातला विशेष उल्लेख त्याच्या महिनाभर आधी जाहीर झाला होता, तोही २०१५ च्या पुरस्कारांमध्ये. आपण तिकीट काढायच्या आधीच पोरीचं नाव दिल्लीत लागलं होतं. आणि हो, विशेष उल्लेख ही पण वेगळी गोष्ट आहे, म्हणजे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या कुणाला, पण ज्युरींना हे काम सोडून पुढं जाववलं नाही म्हणून त्यांनी ते वेगळं नोंदवलं. मला तर विशेष उल्लेखाबद्दल जास्तच आदर वाटतो, कारण ठरलेल्या चौकटीत बसत नसलेलं काम त्यातून वर येतं.

चौकट म्हटलं म्हणून आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. यादीत जी ओळ नाही, ती का नाही हे बघायला शिकलं पाहिजे.

सोलापुरात जन्मलेल्या शशिकला घ्या, पूर्वाश्रमीच्या जवळकर. वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेलं, पोरवयात कामं शोधत स्टुडिओच्या पायऱ्या झिजवल्या, आणि पुढं हिंदी सिनेमात खाष्ट, कारस्थानी बाई म्हटलं की शशिकला असं समीकरणच झालं. 'आरती' आणि 'गुमराह' या दोन चित्रपटांसाठी त्यांना लागोपाठ दोन वर्षं, १९६३ आणि १९६४ ला, सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. २००७ ला पद्मश्री. आता कुणी विचारेल, एवढी मोठी नटी, मग राष्ट्रीय पुरस्कार का नाही? तर राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून आहेत खरे, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं ते चित्रपटांना दिले जायचे, अभिनयाचा पुरस्कारच नव्हता. तो आला १९६७ सालच्या चित्रपटांपासून, पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस, आणि तोही फक्त मुख्य भूमिकेसाठी. सहाय्यक भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला १९८४ उजाडलं, त्या वर्षी व्हिक्टर बॅनर्जी आणि आपल्या रोहिणी हट्टंगडी यांना मिळाला. फिल्मफेअरमध्ये सहाय्यक भूमिकेचं बक्षीस १९५५ पासूनच होतं. म्हणजे 'आरती' आणि 'गुमराह' आले तेव्हा शशिकलांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायची सोयच नव्हती, खुर्चीच नव्हती तर बसणार कुठं.

हे कळल्यावर मी जुन्या लोकांच्या याद्या नव्याने वाचायला लागलो. डॉ. श्रीराम लागूंची बघा. कान-नाक-घशाचे डॉक्टर, आफ्रिकेत प्रॅक्टिस केलेली, आणि १९६९ ला चाळिशी ओलांडल्यावर ते सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. सत्तरच्या दशकात त्यांनी सिनेमात जे काम केलं ते बहुतेक चरित्र भूमिकांचं, म्हणजे ज्याला सहाय्यक म्हणतात तसलं, आणि त्या दशकात राष्ट्रीय पुरस्कारात तो विभागच नाही. म्हणून त्यांच्या यादीत अभिनयाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिसत नाही आणि 'घरौंदा'साठी सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर दिसतो. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल की पडद्यावरचं लागूंचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'घरौंदा'. ज्यांनी 'सामना'तला मास्तर बघितलाय, समोर निळू फुल्यांचा हिंदुराव बघितलाय, त्यांना विचारा.

आणि 'नटसम्राट'? महाराष्ट्रात ज्या एका भूमिकेने लागूंना घराघरात नेलं, लोक ज्याच्यावरून त्यांना ओळखायचे, ती भूमिका त्यांच्या यादीत थेट कुठंच सापडत नाही. १९७४ ची पद्मश्री सापडते, मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान सापडतो, संगीत नाटक अकादमीची फेलोशिप सापडते, पण ते सगळे आख्ख्या कारकिर्दीचे मान आहेत, त्यात 'नटसम्राट'मधला बेलवलकर कुठं आणि किती हे सांगता येत नाही.

इथं नाटक आणि सिनेमाचा मूळ फरक येतो. सिनेमाची कॉपी असते, दिल्लीतली ज्युरी तीच बघते जी आपण गावातल्या थिएटरात बघायचो. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. परीक्षकाने बघितलेला प्रयोग एक आणि तुम्ही बघितलेला दुसरा. शंभराव्या प्रयोगाला नट जे करतो ते पहिल्या प्रयोगाला त्याला स्वतःलाही माहीत नसतं, पण बक्षिसाचा प्रयोग बहुतेक वेळा सुरुवातीचाच असतो. राज्य नाट्य स्पर्धेचं तर आणखीनच अवघड, ती हौशी मंडळींची स्पर्धा, केंद्रावर एक संध्याकाळ मिळते, त्या एका संध्याकाळी जे झालं ते झालं. पावसाळा संपला की आमच्याकडं तालमी सुरू होतात, दिवसा नोकरी करून रात्री अकरा अकरापर्यंत, कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात, सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतींसारख्या उभ्या चौकटी, टेम्पोत घालून पार्क चौकातून न्यायचे, दुपारी लाइट लावून घ्यायचे, आणि संध्याकाळी परीक्षक समोर बसलेले. त्या दिवशी घसा बसला तर बसला. निकालात पहिली नाटकं अंतिम फेरीला जातात आणि वैयक्तिक बक्षिसं लागतात, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, आणि अभिनयासाठी एक रौप्यपदक पुरुषाला, एक स्त्रीला, बाकी चांगल्या कामांना गुणवत्ता प्रमाणपत्र. पेपरात कोपऱ्यात बातमी येते, मंडळातली पोरं ती कात्रण करून ठेवतात, आणि मराठीतल्या कितीतरी मोठ्या नटांची पहिली ओळ ही अशी कात्रणातली आहे. नेटवरच्या यादीत ती नसते कारण नेटवर टाकायला कुणी नव्हतंच तेव्हा.

त्यामुळं रंगभूमी आणि पडदा दोन्हीकडं काम केलेल्या कुठल्याही ज्येष्ठ नटाची यादी ही पडद्याच्या बाजूला कललेली असणार, हे धरूनच चालायचं. अतुल कुलकर्णींनी 'गांधी विरुद्ध गांधी' नाटकात महात्मा गांधींची भूमिका केली होती, आणि मग 'हे राम'मध्ये गांधींच्या जिवावर उठलेल्या माणसाची. राष्ट्रीय पुरस्कार दुसऱ्या भूमिकेला. पण पहिली केलेली नसती तर दुसरी तशी झाली असती का, असा प्रश्न मला पडतो, आणि याचं उत्तर यादीत मिळत नाही. विक्रम गोखल्यांचंही बघा ना, 'बॅरिस्टर'सारखी भूमिका रंगमंचावर केलेला माणूस, घरात चार पिढ्या अभिनय, पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले म्हणजे भारतीय सिनेमातल्या अगदी पहिल्या अभिनेत्री, आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला 'अनुमती'साठी, २०१२ सालच्या पुरस्कारांत, साठी उलटल्यावर. तोही इरफान खानबरोबर विभागून, त्याच्या 'पानसिंग तोमर'बरोबर. काही लोक विभागून म्हटलं की अर्धा पुरस्कार समजतात, तसं नसतं, दोघंही पूर्ण विजेते असतात, यादीत विभागून लिहायचं ते फक्त माहितीसाठी.

आता आख्ख्या कारकिर्दीचे जे मान असतात त्यांच्याकडं येऊ. यात संगीत नाटक अकादमीला मी स्वतः सगळ्यात वर ठेवतो, रंगभूमीवरच्या माणसासाठी तरी. का, तर तिथं नाटक, संगीत, नृत्य एवढ्यांचाच विचार होतो आणि निवडणारे त्या क्षेत्रातले जाणकार असतात. वार्षिक पुरस्कारात ताम्रपत्र आणि अंगवस्त्र देतात, आणि त्याच्या वरची पायरी म्हणजे फेलोशिप, अकादमी रत्न म्हणतात तिला, ती एका वेळी मोजक्याच लोकांकडं असते. लागूंना ती होती हे वर आलंच. मग महाराष्ट्र सरकारचा रंगभूमीसाठीचा प्रभाकर पणशीकरांच्या नावाचा जीवनगौरव, संगीत रंगभूमीसाठी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा, आणि सांगलीचं विष्णुदास भावे गौरवपदक, जे ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला देतात. दिल्लीच्या मानाने सांगलीचं पदक लहान वाटेल कुणाला, पण नाटकवाल्याला विचारा, जिथं १८४३ ला मराठी नाटक उभं राहिलं त्या गावाने बोलावून पदक गळ्यात घालणं म्हणजे माहेरची ओटी.

नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद मात्र पुरस्कारांच्या रकान्यात टाकू नका, ती वेगळी ओळ. सोलापूरच्या फैय्याज, 'कट्यार काळजात घुसली' नाटकातली झरीना, २०१५ च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आपल्याच माणसांनी पुढं बसवण्याचा तो मान, त्याला परिचयात स्वतंत्र जागा द्यावी.

हे मोठे मान येतात कधी, हाही प्रश्न आहे. अशोकमामांचं, म्हणजे अशोक सराफांचं उदाहरण ताजं आहे. 'पांडू हवालदार' १९७५ चा, त्याच्याही आधीपासून मामा नाटकात, आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रभूषण जाहीर झाला, लगेच संगीत नाटक अकादमी, आणि २०२५ ला पद्मश्री. साधारण वर्षभरात तिन्ही. यादीत बघितलं तर वाटेल की सत्तरी ओलांडल्यावर या माणसाने काहीतरी अचाट केलं. केलं होतं ते सगळं आधीच, आपण हसत होतो तेव्हाच. म्हणून जीवनगौरव प्रकारातल्या ओळीचं साल हे कामाचं साल नसतं, समाजाला जाग आली त्याचं साल असतं, आणि मला मनापासून वाटतं की या ओळी माणूस धडधाकट असताना, स्टेजवर स्वतःच्या पायाने चढून येऊ शकत असताना यायला पाहिजेत.

पद्मबद्दल एक गोष्ट आमच्या पत्रिकेतसुद्धा चुकली होती. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी आम्ही मोठ्या अक्षरात पद्मश्री लावलं होतं, डॉक्टर लावतात तसं. ते लावायचं नसतं. राज्यघटनेच्या कलम १८ प्रमाणे सरकार पदव्या देऊ शकत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने पद्म पुरस्कार घटनेत बसतात असं सांगताना हे पण सांगितलं की ते नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे वापरायचे नाहीत. परिचयात 'पद्मश्रीने सन्मानित' असं लिहायला काहीच अडचण नाही. पाहुण्यांना आम्ही फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं काढलंत, मी किती वेळा सांगतो, कुणी ऐकत नाही.

तसंच दादासाहेब फाळके पुरस्कार. सरकारचा तो एकच, १९६९ पासूनचा, वर्षातून एकदा, चित्रपटातल्या आयुष्यभराच्या कामासाठी, दुर्गाबाई खोटे, व्ही. शांताराम, भालजी पेंढारकर यांना मिळालेला. फाळक्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेतलेले खासगी पुरस्कारही दिले जातात. घेणाऱ्याचा त्यात दोष नाही, पण परिचय लिहिणाऱ्याने संस्थेचं पूर्ण नाव लिहावं, अर्धं लिहिलं की वाचणाऱ्याची फसवणूक होते आणि उद्या कुणी चूक दाखवली तर कमीपणा त्या नटाला येतो, लिहिणाऱ्याला नाही.

अण्णांच्या परिचयाचं पुढं असं झालं. एकवीसमधून आठ ओळी गेल्या होत्या. उरलेल्या तेरातल्या दोन नामांकनांपुढं नामांकन असं स्पष्ट लिहिलं. नाटकाला मिळालेल्या बक्षिसाच्या ठिकाणी नाटकाचं नाव आणि भूमिकेचं नाव वेगळं दिलं. सिनेमांच्या ओळीत सगळीकडं पुरस्काराचं साल एकाच पद्धतीने लावलं. आणि सगळ्यात वर रौप्यपदकासाठी एक ओळ रिकामी ठेवली, कारण सालाचा वाद मिटला नव्हता. अण्णा अठ्ठ्याहत्तरवर ठाम, ताई एकोणऐंशीवर. पदक होतं पण त्यावरची अक्षरं इतकी घासलेली की काही लागेना, प्रमाणपत्र घर बदलताना गहाळ झालेलं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ताईंचा फोन आला, माळ्यावरच्या ट्रंकेत एक पिशवी सापडलीय म्हणाल्या. गेलो. पिशवीत जुने फोटो, मेकअपची एक वाळून गेलेली डबी, आणि गुलाबी कागदावरची त्या नाटकाची हस्तपत्रिका, घडीवर फाटलेली, मधे सेलोटेप लावलेली आणि ती पण पिवळी पडलेली. त्यावर प्रयोगाची तारीख होती, डिसेंबर १९७८. त्याच घडीत कात्रण होतं, अंतिम फेरी आणि बक्षीस वाटप झाल्यावरचं, १९७९ चं. स्पर्धा हिवाळ्यात सुरू होते आणि पुढच्या वर्षात संपते, म्हणून दोघांचंही बरोबर. अण्णांना प्रयोग आठवत होता आणि ताईंना आईने पदक देव्हाऱ्यापुढं ठेवलं तो दिवस. आम्ही १९७८-७९ असं छापलं.

हस्तपत्रिकेच्या मागं पेन्सिलने प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या सामानाची यादी होती, अण्णांच्याच अक्षरात. कंदील १, पाट २, तांब्या, काठी, आणि शेवटी, चादर घरून आणणे.